लॅपटॉप चालूच होत नाही, आत आबांच्या पॅटर्नची सगळी ड्रॉइंग आहेत. फायली कशा काढू?

पॅटर्न_उद्यमनगर

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमचं पॅटर्न मेकिंगचं छोटं वर्कशॉप आहे. आबा, म्हणजे माझे वडील, 41 वर्षं फौंड्रीसाठी लाकडाचे पॅटर्न (ज्यावरून वाळूत ओतकामाचा साचा उठवतात तो नमुना) आणि कोअर बॉक्स (आतली पोकळी ठेवणाऱ्या वाळूच्या गाभ्याचा साचा) बनवतात. कॉम्प्युटरवरचं काम मी बघतो.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये सगळं बंद होतं तेव्हा आम्ही माळ्यावरचे जुने पॅटर्न एकेक करून खाली काढायला सुरुवात केली. आबा माप सांगणार, मी ड्रॉइंग करणार. कुठं ड्राफ्ट (पॅटर्न वाळूतून सुटावा म्हणून दिलेला उतार) किती ठेवला, कुठल्या कोपऱ्यात माल चिकटायचा, कुठल्या फौंड्रीनं कुठला बदल करून मागितला, हे सगळं आबा बोलायचे आणि मी ड्रॉइंगसोबत लिहून ठेवायचो. लॉकडाऊन संपल्यावरही रविवारचं हे काम चालू राहिलं. आजपर्यंत 312 पॅटर्न झालेत. त्यातले निम्मे तरी पॅटर्न आता जगात नाहीत. काही वाळवीनं खाल्ले, काही जागा नाही म्हणून बंबात गेले. ड्रॉइंग आहे या भरवशावरच आम्ही ते जाऊ दिले.

ही सगळी ड्रॉइंग ज्या लॅपटॉपवर आहेत तो सोमवारपासून चालू होत नाही. रविवारी रात्री पावसात लाईट दोनदा गेली-आली, चार्जर लावलेलाच होता. सकाळी बटण दाबलं तर बटणातला पांढरा दिवा लागतो, पंखा दोन सेकंद फिरतो, कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकतो आणि स्क्रीन काळीच. 2022 ला घेतलेला आहे, विंडोज 11 सोबतच आलं होतं.

एका दुकानात नेला. मदरबोर्ड गेला, 14 हजार होतील, डेटाचे 8 हजार वेगळे आणि मिळेलच असं नाही, ठेवून जा, असं सांगितलं. माझं मन झालं नाही, परत घेऊन आलो. पेनड्राइव्हवर शेवटची कॉपी 2023 च्या दिवाळीतली आहे, त्यात 140 च ड्रॉइंग आहेत.

शिरोलीच्या एका पार्टीला जुन्या पंपाच्या केसिंगचा पॅटर्न पुन्हा करून हवाय, 12 दिवसांत. ते ड्रॉइंग नेमकं त्या 140 मध्ये नाही. आबा मला एका शब्दानं बोलले नाहीत. काल संध्याकाळी श्रिंकेजची पट्टी घेऊन माळ्यावर चढले, त्या पॅटर्नचा वाळवीतून उरलेला अर्धा तुकडा शोधून मांडीवर घेतला आणि मापं घ्यायला लागले. (ही पट्टी साध्या पट्टीसारखीच दिसते, पण बिडाच्या पट्टीवर मीटरला 10 मिलिमीटर जास्त असतात, कारण ओतलेलं बीड थंड होताना तेवढं आकसतं.) अर्ध्या तुकड्यावरून व्होल्यूटचा, म्हणजे केसिंगच्या शंखासारख्या पोकळीचा, गोलवा मिळत नाही. तो आकार फक्त त्या फाइलमध्ये आहे.

दुकानात न देता या फायली काढता येतील का? कुणी केलंय का? मला स्क्रू ड्रायव्हर धरता येतो, इलेक्ट्रॉनिक्समधलं काही कळत नाही.

राजारामपुरी_०७

भावा, विंडोज करप्ट झालं असणार. लाईट गेल्यावर होतं असं. पेनड्राइव्हवर विंडोज 11 घे, नवीन टाक, सी ड्राइव्ह फॉरमॅट कर. डी मधलं तसंच राहतं.

चिपलेव्हल_कोल्हापूर

राजारामपुरीवाले भाऊ, तुम्ही मदतीच्या भावनेनं लिहिलंय हे मान्य, पण हे करू नका असं मी हात जोडून सांगतो. एक तर त्यांचा लॅपटॉप विंडोजपर्यंत पोचतच नाही, त्याच्या आधीच अडकतो. दुसरं, आजकाल बऱ्याच लॅपटॉपला डी ड्राइव्ह नसतोच, सगळं सी मध्येच असतं. आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. जुन्या हार्ड डिस्कवर चुकून फॉरमॅट झालं तरी टेस्टडिस्क, फोटोरेक अशा सॉफ्टवेअरनं बरंच परत यायचं. एसएसडीचं, म्हणजे आजकालच्या लॅपटॉपमधल्या चिपवाल्या ड्राइव्हचं, तसं नाही. तिथं ट्रिम म्हणून सोय असते. फाइल पुसली की विंडोज ड्राइव्हला कळवतं की हे कप्पे आता रिकामे समज, आणि ड्राइव्ह आपल्या वेळेनं ते खरोखर साफ करून टाकते. त्यानंतर कुणाच्याच हातात काही राहत नाही.

आता उद्यमनगरवाले, तुमच्यासाठी. मी 2006 पासून लॅपटॉप दुरुस्तीत आहे. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून बोर्ड, रॅम किंवा पॉवरच्या भागात काहीतरी झालंय. ड्रॉइंग त्या भागात नसतात, ती ड्राइव्हमध्ये असतात. ड्राइव्ह वेगळी निघते. ती शाबूत असण्याची शक्यता चांगली आहे. मदरबोर्ड गेला म्हणजे डेटा गेला असं गिऱ्हाईकाला वाटतं आणि तिथंच त्याचा धीर सुटतो. तुम्ही परत घेऊन आलात ते बरं केलंत.

उघडण्याआधी दोन साध्या गोष्टी. चार्जर काढा आणि पॉवरचं बटण 30 सेकंद दाबून धरा, मग चार्जर लावून एकदा चालू करा. बोर्डात साठून राहिलेल्या चार्जमुळे कधीकधी अडकतं, ते यानं सुटतं. मग एचडीएमआय केबलनं घरच्या टीव्हीला जोडून बघा, फक्त स्क्रीनच गेली असेल तर टीव्हीवर चित्र येईल. कॅप्स लॉकचा दिवा थांबायच्या आधी किती वेळा लुकलुकतो तेही मोजा. बऱ्याच कंपन्या त्या मोजणीतून बिघाड सांगतात आणि त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये त्याचा अर्थ दिलेला असतो.

एवढं करून झालं नाही तर पुन्हा पुन्हा बटण दाबत बसू नका. हे कळकळीनं सांगतो त्यामागं कारण आहे. 2019 च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरपर्यंत आलं होतं. त्यानंतर दोन महिने माझ्या टेबलावर पुरातली मशिनं होती. हार्ड डिस्कच्या झाकणाला एक बारीक भोक असतं, आतबाहेर हवेचा दाब सारखा राहावा म्हणून, आणि त्याच्या आत कागदासारखी पातळ गाळणी. त्या भोकातून गाळाचं पाणी आत गेलेलं. ज्यांनी डिस्क जशी होती तशी आणून दिली त्यातल्या काहींचा डेटा मुंबई-पुण्याच्या लॅबमधून निघाला. ज्यांनी घरी उन्हात वाळवून 'चालू होतो का बघू' म्हणून वीज दिली, त्यांच्या डिस्कच्या तबकडीवर हेडनं (डेटा वाचणाऱ्या टोकानं) ओरखडे ओढलेले होते. एका वकिलांचं 20 वर्षांचं काम तसं गेलं. ते माझ्यासमोर खुर्चीत बसून होते, मला काही बोलता आलं नाही. तुमच्या लॅपटॉपमध्ये पाणी गेलेलं नाही, पण सवय तीच ठेवा. बिघाड कळेपर्यंत वीज द्यायची नाही.

मग तळाचं झाकण उघडायचं. रबराच्या पायांखालीही स्क्रू दडलेले असतात. सगळे एका लांबीचे नसतात, म्हणून कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढा आणि ज्या जागचा स्क्रू त्या जागी चिकटपट्टीनं लावत जा. लांब स्क्रू आखूड भोकात गेला की वरच्या बाजूनं फुगवटा येतो. झाकण निघालं की पहिलं काम बॅटरीचं कनेक्टर सोडवणं. त्याआधी दुसऱ्या कशालाही हात लावू नका. रॅमची पट्टी दिसली तर काढून तिची सोनेरी टोकं स्वच्छ खोडरबरानं हलक्या हातानं पुसा आणि परत खटका वाजेपर्यंत बसवा. माझ्याकडं येणाऱ्या काळ्या स्क्रीनच्या तक्रारींत यानंच चालू झालेले कितीतरी आहेत.

तरीही नाही झालं तर ड्राइव्ह काढा. च्युइंग गमच्या पाकिटातल्या पट्टीएवढी, 22 मिलिमीटर रुंद आणि बहुतेक करून 80 लांब, एका टोकाला एकच बारका स्क्रू. स्क्रू काढला की पट्टी आपोआप तिरकी वर उठते, मग सरळ ओढून घ्यायची. तिच्या टोकाला एकच खाच असेल तर सहसा एनव्हीएमई, दोन खाचा असतील तर साटा, हे ड्राइव्हचे दोन प्रकार. लेबलवरही लिहिलेलं असतं. त्याप्रमाणे एनक्लोजर, म्हणजे ड्राइव्ह आत बसवून यूएसबीनं दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडायची डबी, घ्या. साटाच्या एनक्लोजरमध्ये एनव्हीएमई चालत नाही. लेबलचा फोटो मोबाईलमध्ये घेऊनच दुकानात जा.

दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडल्यावर 'फॉरमॅट करायचं आहे का' किंवा 'इनिशियलाइज' असं काही विचारलं तर रद्द करा आणि आधी इथं लिहा.

शाहूपुरी_डीटीपी

वर सगळं सांगितलं आहेच, मी फक्त माझ्या कामातलं सांगते. तुमच्या आबांच्या टिपा युनिकोडमध्ये नसून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केल्या असतील, तर फायलींबरोबर विंडोजच्या फोल्डरमधलं फॉन्ट्सचं फोल्डरही उचला. माझ्या एका गिऱ्हाईकाच्या पत्रिकांच्या फायली सुखरूप मिळाल्या होत्या, पण उघडल्या तर सगळीकडं इंग्रजी अक्षरांची खिचडी. फाइल बिघडलेली नसते, फक्त तो फॉन्ट त्या मशिनवर नसतो. आम्ही दोन दिवस ते पुन्हा टाईप करत बसलो होतो आणि मग फॉन्ट सापडला.

गडहिंग्लज_मास्तर

याच धाग्यात विचारतो, क्षमा असावी. माझ्याकडं शाळेचा जुना लॅपटॉप आहे, हार्ड डिस्कचा. निळ्या स्क्रीनपर्यंत येतो आणि आतून टक-टक आवाज येतो. चेक डिस्क चालवू का?

चिपलेव्हल_कोल्हापूर

मास्तर, नका चालवू. टक-टक म्हणजे हेडला जागा सापडत नाही, तो मागं जाऊन पुन्हा येतोय. चेक डिस्क अशा डिस्कवर तासन्‌तास वाचत बसतं आणि वर दुरुस्ती म्हणून लिहितंही. आत्ता बंद करा. डेटा महत्त्वाचा असेल तर थेट लॅब. नुसते खराब सेक्टर असते, आवाज नसता, तर लिनक्समधल्या डीडी रेस्क्यूनं आधी पूर्ण डिस्कची प्रत काढली असती. ते सोपा भाग आधी उचलतं, अवघड जागा नोंदवून ठेवतं आणि शेवटी तिकडं वळतं. मग जी काय खटपट करायची ती प्रतीवर.

आवाज नसलेल्या आणि फक्त विंडोज अडलेल्या मशिनसाठी आणखी एक सांगून ठेवतो, कुणाला तरी उपयोगी पडेल. रिकव्हरीच्या निळ्या पडद्यावरून कमांड प्रॉम्प्ट उघडून तिथं नोटपॅड चालू करा. नोटपॅडच्या 'ओपन' खिडकीत 'ऑल फाइल्स' निवडलं की सगळे फोल्डर दिसतात आणि तिथूनच कॉपी करून पेनड्राइव्हवर पेस्ट करता येतं. काहीही इन्स्टॉल करावं लागत नाही.

पॅटर्न_उद्यमनगर

सगळ्यांचे आभार. काल रात्री आबांच्या टेबलावर उघडला. बटण 30 सेकंद धरून काही झालं नाही, टीव्हीवर चित्र नाही, रॅम खोडरबरानं पुसून बसवली तरी तेच. स्क्रू कागदावर लावत गेलो, नऊ सारखे आणि दोन लांब निघाले. आबा बॅटरी-टॉर्च धरून उभे होते. ड्राइव्ह हातात घेऊन म्हणाले, "एवढ्यातच सगळं आहे व्हय?"

एनव्हीएमई आहे, 512 जीबीची. आज एनक्लोजर आणलं, 1,150 रुपये. शेजारच्या टर्निंगवाल्यांच्या कॉम्प्युटरला जोडलं तर ड्राइव्ह दिसली, पण तिच्यावर पिवळं कुलूप आहे आणि 48 आकडी रिकव्हरी की मागते. मी असलं काही कुलूप कधी लावलेलं नाही. आता हे काय? फार जवळ येऊन थांबल्यासारखं झालंय.

चिपलेव्हल_कोल्हापूर

घाबरू नका, ड्राइव्ह जिवंत आहे हे त्या कुलुपानंच सिद्ध केलं. हे बिटलॉकर आहे. तुम्ही लावलेलं नसलं तरी विंडोज 11 चे बरेच लॅपटॉप पहिल्यांदा मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं सुरू केले की आपोआप ड्राइव्ह कुलूपबंद करतात आणि चावी त्या खात्यात ठेवतात. रोजच्या वापरात कळत नाही, कारण बोर्डावरची चिप ते कुलूप गुपचूप उघडत असते. ड्राइव्ह बोर्डापासून वेगळी केली की चावी मागणारच.

ही चावी अंदाजानं सापडत नाही आणि कुठल्याही दुकानात फुटत नाही. 'काढून देतो' म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. आता एकच प्रश्न: लॅपटॉप नवा आणला तेव्हा पहिल्यांदा कुणाच्या ईमेलनं सुरू केला होता? त्या खात्यातून मायक्रोसॉफ्टच्या वेबसाइटवर जायचं, डिव्हाइसेसमध्ये बिटलॉकर रिकव्हरी की बघायची. एकापेक्षा जास्त चाव्या दिसल्या तर पडद्यावर जो की आयडी दिसतोय त्याची पहिली आठ अक्षरं जुळवा.

त्याच खात्यात वनड्राइव्हही बघा. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स आपोआप तिकडं जात असण्याचीही शक्यता असते. फुकटात 5 जीबीच मिळतात, पण बघायला काय जातंय.

पॅटर्न_उद्यमनगर

आठवलं. लॅपटॉप दाजींनी सुरू करून दिला होता. 2022 च्या मे महिन्यात ताई आणि दाजी सुट्टीला आले होते, मला तेव्हा ईमेल वगैरे जमत नव्हतं म्हणून त्यांनी स्वतःच्या खात्यानं केलं आणि नंतर पिन टाकून दिला. दाजी आता मस्कतला आहेत. फोन केला. ते म्हणाले, ते खातं मी दोन वर्षं उघडलेलं नाही, पासवर्ड आठवत नाही आणि त्याला जोडलेला इथला मोबाईल नंबर कधीच बंद झाला.

शाहूपुरी_डीटीपी

दादा, एक गोष्ट सांभाळा. ओटीपीसाठी नंबर बंद आहे म्हणून 'यातलं माझ्याकडं काहीच नाही' असं पटकन दाबायला सांगू नका. सगळी सुरक्षा माहिती बदलायला घेतली की मायक्रोसॉफ्ट 30 दिवस थांबवतं, मी त्यातून गेलेय. तुमच्याकडं 12 दिवसच आहेत. आधी त्या पडद्यावर दुसरा ईमेल दिसतो का ते बघायला सांगा. पहिली दोन अक्षरं आणि पुढं चांदण्या असं दिसतं. बहुतेकांनी खातं उघडताना नोकरीचा किंवा बायकोचा ईमेल दिलेला असतो.

पॅटर्न_उद्यमनगर

मिळाली!

दुसरा ईमेल ताईचाच होता, तिच्या डी.एड.च्या वेळचा. ती रात्री साडेअकराला ओटीपी वाचून दाखवत होती, दाजी तिकडं टाकत होते आणि मी इथं कॉन्फरन्सवर श्वास धरून बसलो होतो. खात्यात दोन चाव्या होत्या, दाजींच्या जुन्या लॅपटॉपची एक आणि ही. आयडी जुळवला. दाजींनी सहा-सहाचे आठ गट वाचले, मी वहीत लिहिले आणि मग पुन्हा वाचायला लावून तपासले. टाकल्यावर पिवळं कुलूप निळं होऊन उघडलं.

माझ्या नावाच्या फोल्डरवर परवानगी नाही असं आलं, 'कंटिन्यू' दाबल्यावर दहा मिनिटं हिरवी पट्टी सरकत राहिली आणि उघडलं. 312 ची 312 फोल्डर आहेत. नुसता आकडा बघून थांबलो नाही, त्यातली चाळीसएक ड्रॉइंग उघडून पाहिली. वनड्राइव्हमध्ये पण काही होतं, पण 5 जीबी भरल्यावर 2023 मध्येच थांबलेलं. टिपा मी गूगलच्या कीबोर्डनं लिहिल्या होत्या, त्यामुळे फॉन्टची अडचण आली नाही, तरी फॉन्ट्सचं फोल्डर घेऊन ठेवलंय.

एक विचारायचं आहे. ड्राइव्ह आता पुसून दुसऱ्या लॅपटॉपला वापरू का, की ठेवू?

चिपलेव्हल_कोल्हापूर

वाचून फार बरं वाटलं. ड्राइव्ह इतक्यात पुसू नका. आधी दोन वेगळ्या ठिकाणी कॉपी करा, एक वर्कशॉपमध्ये आणि एक घरी, आणि दोन्ही ठिकाणची ड्रॉइंग उघडून बघा. ते झाल्यावरही दोन महिने ती ड्राइव्ह तशीच एनक्लोजरमध्ये राहू द्या. एखादं फोल्डर राहिल्याचं नंतरच लक्षात येतं. 48 आकडे वहीत आहेत ते बरंय, त्या पानाचा फोटो ताईंकडंही ठेवा.

लॅपटॉपचा बोर्ड आता सावकाश बघता येईल. लाईटच्या झटक्यानं चार्जिंगच्या भागातला एखादा मॉस्फेट (वीज चालू-बंद करणारा बारका भाग) उडालेला असतो, ते काम 14 हजारांचं नसतं. ड्राइव्ह घरी ठेवून नुसता लॅपटॉप दुरुस्तीला द्या, म्हणजे कुणाला फॉरमॅट करायची संधीच नाही.

पॅटर्न_उद्यमनगर

दोन हार्ड डिस्क घेतल्या, कॉपी चालू आहे. केसिंगचं ड्रॉइंग लक्ष्मीपुरीतून मोठ्या कागदावर प्रिंट काढून आणलं. आबांनी ते टेबलावर पसरलं आणि माळ्यावरचा तो अर्धा तुकडा कागदावरच्या रेषेवर ठेवून बघितला. ड्रॉइंग श्रिंकेज धरूनच केलेलं, त्यामुळं बरोबर बसला, फक्त वाळवीनं खाल्लेली कड सोडून. सागवानाच्या फळ्या आज सकाळी कापायला घेतल्यात.